तपकिरी डागाची उलटतपासणी

आमच्या कर्जत-खालापूरच्या बाजूला भाताची लावणी सुरू झाली की बायका दिवसदिवस चिखलात उभ्या असतात. माझ्या फुफीचा जन्म त्यातच गेला. तिच्या टाचा पाहिल्या की उन्हाने तडकलेला बांध आठवतो. टाचेची ती राठ कातडी म्हणजे मुख्यतः केराटिन. केस, नखं, गुरांची शिंगं, सगळीकडे हेच प्रथिन. जिवंत पेशीत त्याचे धागे घराच्या वाशांसारखे पेशीला आधार देतात.

माणसाच्या शरीरात केराटिनची 54 जनुकं आहेत. कातडीच्या तळच्या थरात 5 आणि 14 क्रमांकाची केराटिनं, वरच्या थरांत 1 आणि 10, आणि तळहात-तळपायांच्या वाट्याला खास 9. भाऊबंदकी मोठी, त्यात चेहरे सारखे!

हे मला कळलं ते फुफीच्या मिश्रीमुळे. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टर बोलके होते. त्यांनी मला एका जुन्या नमुन्याची काचपट्टी दाखवली. तपकिरी ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे केराटिन." मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. विचारलं, "कशावरून?"

तर ते असं. प्रतिपिंड नावाचा पदार्थ ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटतो, मग रसायन घातलं की तिथे तपकिरी रंग उमटतो. पण तो भलत्याच भावाला चिकटला तर? त्यासाठी संशोधनात 'ब्लॉकिंग पेप्टाइड' वापरतात. केराटिन 14 ची साखळी 472 अमिनो आम्लांची. तिच्यातला, प्रतिपिंड ओळखतो तेवढाच, साधारण दहा-वीस कड्यांचा तुकडा तयार करून आधीच प्रतिपिंडात भरपूर मिसळतात. गोठ्यातच पोट भरलेली शेळी रानात तोंड घालत नाही, तसं हे. आता काचपट्टीवर रंग उमटायला नको. तरीही उमटला, तर तो डाग खोटा.

डाग गेला म्हणजे मात्र सगळं सिद्ध झालं असं नाही. तसाच तुकडा भावाच्या साखळीत असेल, तर तिथला डागही जातो. म्हणून ज्या पेशींत ते केराटिन बनतच नाही, त्यांच्यावरही प्रतिपिंड लावून बघावं लागतं.

आमच्या रायगडातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' संस्था आहे. तिथे मिलिंद वैद्य यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगातल्या केराटिनांवर दीर्घकाळ काम केलं. 8 आणि 18 क्रमांकाची केराटिनं निरोगी गालात सहसा दिसत नाहीत, कर्करोगात दिसू लागतात. तोंडाच्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींतून ती घालवली, तर पेशींचा आक्रमकपणा घटतो, असं या गटाने 2011 साली दाखवलं. अशा कामात 8 समजून भलताच भाऊ मोजला गेला, तर पुढची कितीतरी वर्षं वाया जायची.

फुफीचा चट्टा कर्करोगाचा निघाला नाही. रिपोर्ट घेऊन आम्ही पनवेलहून चौकमार्गे परतत होतो. एसटीत ती म्हणाली, "पोरा, त्यांनी माझाच तुकडा बघितला ना रे?"

मला हसू आलं. घरी पोचल्यावर मात्र पावतीवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर मी दोनदा ताडून पाहिला. मिश्रीची डबी तिने अजून टाकलेली नाही.