बाटलीतल्या साखरेचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मंचावर येऊन बसलो तोच एका कार्यकर्त्याने माझ्यापुढे थंड बाटली आणून ठेवली. झाकणसुद्धा उघडून दिलं. उन्हातून आलेल्या माणसाचा पाहुणचार करावा एवढीच त्याची भावना. त्याच्यावर माझा राग नाही. पण बाटलीला मी तोंड लावलेलं नाही. ती इथे समोर ठेवली आहे, कारण आज मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच.

तुम्ही म्हणाल, कापसाचा भाव, पीकविमा, कर्ज हे सोडून यांनी हे काय काढलं? सांगतो. आपला एक जुना कार्यकर्ता आहे. नाव घेत नाही. मोर्चा निघाला की पहिल्या रांगेत चालणारा. मागच्या वर्षी ज्वारीच्या वावरात त्याच्या पायात धसकट घुसलं. त्याला ते कळलंच नाही. संध्याकाळी पाय धुताना बायकोला रक्त दिसलं. हळद भरली, फडकं बांधलं. जखम भरेना. तीन आठवड्यांनी पाय काळा पडला तेव्हा दवाखान्यात नेला. रक्त तपासलं तर साखर भरमसाट. मधुमेह कधीचा होता कोण जाणे! पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या, म्हणून धसकट लागलेलं समजलं नाही. दोन बोटं कापावी लागली.

मी भेटायला गेलो तर मला म्हणाला, "भाऊ, मी त गोड खातच नाही. पुरणपोळीले हात लावत नाही." खरं बोलत होता. तो गोड खात नव्हता, गोड पीत होता. दिवसाचे सहा कप चहा आणि दुपारी पानठेल्यावर एक थंडी बाटली.

मधुमेह फक्त बाटलीने होतो असं मी म्हणणार नाही. घराण्यात असतो, वजनाने येतो, इतरही कारणं आहेत. पण जे कारण आपल्या हातात आहे त्याचा हिशेब तरी मांडू.

चमच्यांनी मोजू

हा साखरेचा डबा, हा रिकामा पेला आणि हा चहाचा चमचा. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर येते. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: १०० मिलिलिटरला साडेदहा-अकरा ग्रॅम साखर. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा आणि हा अर्धा. साडेसहा चमचे. एवढी साखर कोणी पाण्यात घालून दिली तर आपण थुंकून टाकू. बाटलीत ती जाते कशी? आंबटपणाने झाकली जाते, गॅसने झाकली जाते आणि थंडाव्याने जिभेला कमी कळते. घरी करून बघा. पेला सकाळी ओतून ठेवा, गॅस उडू द्या, कोमट होऊ द्या आणि संध्याकाळी चव घ्या. काकवी प्याल्यासारखं वाटेल.

आता चहा. घरच्या कपात दोन चमचे धरा. सहा कपांचे बारा. बाटलीचे साडेसहा. एकूण साडेअठरा चमचे, जवळजवळ ७५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने वरची साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक बरं. २५ ग्रॅम म्हणजे सहा चमचे. एका बाटलीत ते संपले. चहा सगळा वरकड.

"आम्ही राबतो, आम्हाला काय होतं?" असं पुष्कळजण म्हणतात. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात १० कोटींवर माणसांना मधुमेह आणि आणखी साडेतेरा कोटींवर माणसं त्याच्या उंबरठ्यावर. मधुमेह आजही शहरात जास्त आहे. पण उंबरठ्यावरच्या माणसांत शहर आणि खेडं हा फरक राहिलेला नाही. उंबरठा म्हणजे काय, ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. बोंडअळी पात्यात शिरलेली आहे, बोंड फुटायचं तेवढं बाकी आहे.

माणूस पितो का?

डॉक्टर म्हणतात, लोकांचा जिभेवर ताबा नाही. मला हे पटत नाही. आमच्या शास्त्रात कीड वाढली की आम्ही किडीला दोष देत नाही, ती वाढायला पोषक परिस्थिती कोणती झाली ते बघतो. तसंच इथेही बघू.

पहिलं कारण पोटाचं. खाल्लेलं पोटाला कळतं, प्यायलेलं कळत नाही. २००० साली अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १५ जणांवर प्रयोग झाला. रोज ४५० कॅलरी, चार आठवडे साखरेच्या गोळ्यांतून आणि चार आठवडे गोड पेयातून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसांनी आपोआप जेवण तेवढं कमी केलं. पेय प्यायले तेव्हा जेवण तेवढंच राहिलं आणि वजन वाढलं. बाटली पिऊन आलेला माणूस भाकरी कमी खात नाही.

दुसरं कारण किमतीचं आणि फ्रीजचं. कोका-कोला १९७७ साली देश सोडून गेली होती. १९९० साली पेप्सी आली, १९९३ साली कोका-कोला परतली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले. तरी बाटली शहरातच होती. २००३ साली मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होतो. त्या वर्षी २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना आली आणि खेड्यात शिरली. २०२३ साली कॅम्पा परत आला, तीच २०० मिलिलिटर दहा रुपयांना. गावात बघा, दुकानदाराला फ्रीज कंपनीने दिलेला असतो आणि त्यात माल कंपनीचाच ठेवायचा असतो. आमच्या गावच्या पानठेल्यात थंडगार बाटली आहे. शाळेत थंड पाणी नाही, बसथांब्यावर माठ नाही.

तिसरं कारण पाण्याचं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी प्यायचं की सीलबंद बाटली, हा प्रश्न माणसाला पडतो. तिकडे मेक्सिकोत चियापास नावाचा प्रांत आहे. मका पिकवणारे गरीब शेतकरी. त्यांचं जुनं पेय पोसोल, म्हणजे मक्याचं आंबवलेलं पीठ पाण्यात कालवून प्यायचं, आपल्या आंबिलीसारखं. नळाला भरवशाचं पाणी नाही आणि कोला मात्र प्रत्येक दुकानात. तिथली माणसं कोला पाण्यासारखा पितात आणि मधुमेह घरोघरी पोहोचला आहे. आपण त्याच वाटेवर आहोत.

चौथं कारण मानाचं, आणि हे सगळ्यांत अवघड. सोयरिकीला पाहुणे आले आणि ताक दिलं तर आपली लाज जाते, असं आपल्याला वाटतं. मी एका घरी ताक मागितलं तर घरची माउली म्हणाली, "साहेब, तुम्हाले ताक कसं देऊ? पोट्ट्याले थंडं आणाले धाडलं ना!" घरचं दूध विरजून केलेलं ताक कमी दर्जाचं आणि बाहेरची बाटली मानाची, हे आपल्याला कोणी शिकवलं? जाहिरातीने शिकवलं हे खरं. पण आपणही शिकलो.

पिकाला कळलं ते पोटाला का कळेना?

२००३ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बारा कंपनीछाप पेयं तपासली आणि त्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. देशभर गदारोळ झाला, संसदेची समिती बसली, २००४ साली समितीने ते निष्कर्ष बरोबर ठरवले. त्याच वर्षी बातम्या आल्या की आंध्रात गुंटूरकडे कापसावर आणि छत्तीसगडात धानावर शेतकरी कोला फवारतात, अळी मरते. अनेकांनी मला विचारलं, आपणही मारू का? त्यावर शास्त्रज्ञांनी दिलेला खुलासा साधा होता. गोड पाण्याला मुंग्या लागतात, मुंग्या अळ्या खातात. कीटकनाशकाचे अंश होते ते अगदी थोडे, खरा माल साखर. मुंगीने ते बरोबर ओळखलं. आपण मात्र बाटलीतल्या सूक्ष्म विषावर भांडत बसलो आणि साडेसहा चमचे साखरेवर कोणी बोललं नाही.

खिशाचाही हिशेब करा. घरात रोज वीस रुपयांची बाटली आली तर वर्षाला ७३०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३६९९ रुपये. म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ एक क्विंटल कापूस किंवा दोन क्विंटल ज्वारी आपण पानठेल्यावर ओतून येतो. कोरडवाहूत एकराला कापूस किती होतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग करायचं काय?

बंदी मागायला मी आलेलो नाही. बंदी आली की इन्स्पेक्टर येतो आणि बाटली मागच्या दाराने जाते. एकाच औषधाची फवारणी करून कीड जात नाही, तसं इथेही चार बाजूंनी काम करावं लागेल.

घरापासून सुरुवात. चहातली साखर एकदम तोडू नका, दोन दिवसांत परत याल. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. जिभेला वळण लागतं. बाटली घरात साठवू नका. सणाला, लग्नाला आणायची तर लहान आणा आणि वाटून प्या. आणि गुळाचं पन्हं, उसाचा रस हेही गोडच आहेत, गावचे म्हणून ते चमच्यांच्या हिशेबातून सुटत नाहीत. पाणी, ताक आणि आंबील मात्र पोटभर प्या. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, लसूण-जिरं-मीठ घालायचं, निवल्यावर ताक घालून पातळ करायचं. ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरात हे नसेल तर दुसऱ्या कुणाच्या घरात असणार?

दुसरं, वावरात. वेचणीच्या आणि फवारणीच्या मजुरांना आपण हौसेने थंडी बाटली देतो. उन्हात माणसाला पाणी आणि मीठ हवं. जुलाब झालेल्या लेकराला तर बाटली मुळीच देऊ नका. सरकारी दवाखान्यातल्या क्षारसंजीवनीत लिटरला साडेतेरा ग्रॅम साखर असते, बाटलीत शंभराच्या वर. एवढ्या साखरेने जुलाब वाढतात. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाजारात ओआरएस असं नाव लावून गोड पेयं विकली जात होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या नावाला मनाई केली. तरी वेष्टन वाचूनच घ्या. ताकद देणारी म्हणून जी बाटली तरुण पोरं पितात, तिच्यात साखर आणि कॅफिन. कॅफिनने थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. मुलांनी व गर्भवतींनी घेऊ नये असं तिच्यावरच छापलेलं असतं. आणि रिकाम्या बाटलीत कीटकनाशक भरून ठेवू नका. लेकरू ती ओळखतं ते थंडी बाटली म्हणून.

तिसरं, गावात. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरमध्ये जास्त साखरेचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० साली झालेला आहे. तो ग्रामसभेत वाचून दाखवा. त्याच सभेत शाळेसाठी आणि बसथांब्यासाठी स्वच्छ थंड पाण्याचा ठराव करा. नुसतं बाटली काढून घेऊन भागणार नाही, तिच्या जागी पाणी ठेवावं लागेल.

चौथं, सरकारकडे. मेक्सिकोने २०१४ साली गोड पेयावर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्याच वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी उतरली, गरीब घरांत जास्त उतरली. इंग्लंडने २०१८ साली कर साखरेच्या प्रमाणावर लावला. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या खाली असेल तर कर नाही. कंपन्यांनी कर लागू व्हायच्या आधीच साखर कमी केली. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबरपासून गॅसच्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण साखर कितीही असो, दर तोच. मग कंपनी साखर कशाला कमी करेल? आपली मागणी साधी आहे. कर साखरेवर लावा, किती चमचे ते बाटलीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात छापा, आणि त्या करातून गावाला प्यायचं पाणी द्या.

आणि शेवटचं काम आपल्या स्वतःचं. मानाची गोष्ट ज्याने सुरू केली त्यानेच ती मोडायची असते. गावात मान कार्यकर्त्याला आहे. कार्यकर्ता ताक मागू लागला की ताकाला मान येईल. आजपासून आपल्या कुठल्याही बैठकीत, मेळाव्यात, मंचावर बाटली येणार नाही. माठ येईल, ताकाची कळशी येईल. मान्य असेल त्यांनी हात वर करा.

ज्या भावाने ही बाटली आणली त्याचाही हात वर दिसतो आहे. आनंद वाटला. आता त्यानेच ही घेऊन जावी आणि मला त्या कोपऱ्यातल्या माठातलं पेलाभर पाणी आणून द्यावं. बोलून घसा कोरडा पडला आहे.