पुलाची नाडी कोण पाहतो?



2 ऑगस्ट 2016 ची रात्र आपल्या जिल्ह्यातली माणसं विसरलेली नाहीत. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एसटी गाड्या त्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात गेल्या. ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल वाहून गेला होता आणि अंधारात ते चालकांना कळायला मार्ग नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती, तीत धोका आढळला नव्हता, असं नंतर सांगण्यात आलं. पुढे त्या जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. पूल बांधायला आपल्याला येतं, आणि मनात आणलं तर झपाट्याने येतं. बांधलेल्या पुलाकडे वर्षानुवर्षं नीट पाहत राहणं मात्र आपल्याला अजून जमलेलं नाही. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, इंजिनीअर नव्हे. पण पुलावरून मीही जातो आणि माझी माणसंही जातात. तेव्हा या पाहण्याबद्दल बोलायला माझी काही हरकत नसावी.

आज बोलायचं आहे ते मुख्यतः तारांच्या पुलांबद्दल. कारण आता आपला मुलूख त्यांचा होऊ लागला आहे. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू 30 जून 2009 रोजी सुरू झाला. गोव्यात मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी 2019 मध्ये आणि नव्या जुवारी पुलाचा पहिला भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. रेवस-रेडी सागरी मार्गासाठी आपल्या खाड्यांवरही मोठे पूल आखलेले आहेत. गोव्याला जाणारी मंडळी जुवारीवर गाडीची काच खाली करून फोटो काढतात. काढावेत, पूल देखणाच आहे. पण तो उभा कशावर आहे, हेही समजून घ्यावं.

तारांचे पूल ढोबळमानाने दोन तऱ्हांचे. पहिला झुलता पूल. अंगणात दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधतो, तसा त्यात एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर जाड दोर टाकलेला असतो. त्या दोराला उभे दोर लटकवलेले आणि त्यांना खालची चालायची वाट टांगलेली. मुख्य दोराची दोन्ही टोकं काठावर जमिनीत घट्ट रोवलेली असतात. दुसरा प्रकार वरळीचा आणि जुवारीचा. गलबताच्या डोलकाठीला चहूकडून दोर बांधतात, तशा त्यात मनोऱ्यापासून निघालेल्या तिरक्या तारा थेट रस्त्याला धरून ठेवतात. दोन्हींत भार असतो तो पोलादी तारांच्या जुडग्यावर. एकेक तार बारीक, पण शेकडो, कधी हजारो एकत्र बांधलेल्या.

या पोलादाचा वैरी कोण, हे मिऱ्या किंवा राजिवड्याच्या माणसाला सांगायला नको. खिडकीचे गज, दाराची कडी, सायकलची साखळी. खारं वारं कशालाच सोडत नाही. पुलाच्या तारेवर पावसाचं पाणी पडलं की ते तारेवरूनच खाली उतरतं आणि तळाच्या टोकाशी, जिथे तार रस्त्याला पकडलेली असते, तिथे साचतं. नेमका तोच भाग नळीत किंवा खोबणीत झाकलेला. त्यामुळे वरून चकाकणारी तार आत गंजत असू शकते.

तार काँक्रीटमध्ये गाडली म्हणजे सुटका होते, असंही नाही. पणजीचा मांडवीवरचा जुना नेहरू पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला. तो तारांचा पूल दिसत नव्हता, काँक्रीटचाच होता. पण त्या काँक्रीटला आवळून धरणाऱ्या पोलादी तारा त्याच्या पोटात होत्या आणि त्या गंजल्या होत्या. वय किती, तर जेमतेम पंधरा-सोळा वर्षं. इटलीतल्या जिनोआ शहरातला पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी पडला, 43 माणसं गेली. त्याच्याही तिरक्या तारा काँक्रीटच्या वेष्टणात होत्या. वेष्टणाने तारेइतकाच तिचा गंजही झाकला.

आता मोरबी. गुजरातेत मच्छू नदीवरचा हा झुलता पूल संस्थानी काळातला, एकोणिसाव्या शतकातला. दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता. 26 ऑक्टोबर 2022 रोजी, गुजराती नववर्षाच्या दिवशी, तो लोकांसाठी उघडला. चारच दिवसांनी, 30 ऑक्टोबरच्या रविवारी संध्याकाळी, तो तुटला आणि 135 माणसं मेली. त्यांत कितीतरी लहान मुलं होती.

चौकशी पथकाला जे आढळलं ते प्रत्येकाने ऐकावं. तुटलेल्या मुख्य दोरात 49 तारा होत्या. त्यांपैकी 22 अपघाताच्या आधीच गंजून तुटलेल्या असाव्यात, असं दिसून आलं. म्हणजे लोक नव्या पुलावर म्हणून पाय ठेवत होते, तेव्हा जवळजवळ निम्मा दोर नुसता नावाला होता. जुने लटकते दोर बदलण्याऐवजी त्यांना नवे जोड दिलेले होते. लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमची तळजमीन बसवली, तिने वजन वाढवलं. उघडण्यापूर्वी भार टाकून चाचणी झाली नव्हती आणि एका वेळी किती माणसांना सोडायचं, याला धरबंध नव्हता. तिकिटं मात्र फाडली जात होती. दुरुस्ती डोळ्यांना दिसेल अशा भागाची झाली. जो भाग माणसांना पेलत होता, तो तसाच राहिला. आमच्याकडे अशा कामाला मलमपट्टी म्हणतात.

मग तारेच्या आतलं ओळखायचं कसं? त्याच्या रीती आहेत. तिरकी तार हलकेच हलवून ती सेकंदाला किती वेळा कंप पावते, हे यंत्राने मोजतात. त्यावरून तिच्यातला ताण कळतो. सतार जुळवणारा कानाने जे करतो, त्यातलाच हा प्रकार. आधीच्या वर्षीचा आकडा लिहून ठेवलेला असेल, तर बदल लगेच ध्यानात येतो. लिहिलेला नसेल, तर आजच्या आकड्याचा उपयोग फारच थोडा.

स्कॉटलंडमधला फोर्थचा झुलता पूल 1964 साली सुरू झाला. त्याच्या एकेका मुख्य दोरात साडेअकरा हजारांवर तारा आहेत. सुमारे चाळीस वर्षांनी इंजिनीअरांनी वरचं वेष्टण काढलं, तारांमध्ये पाचरी ठोकून दोर उकलला आणि आत पाहिलं. दोराची ताकद सुमारे 8 ते 10 टक्के कमी झाली होती. पूल पडायच्या बेतात नव्हता, पण गंज कोणत्या दिशेला निघाला आहे, हे कळलं. मग त्यांनी दोरांवर ध्वनिग्राहक बसवले, आत एखादी तार तुटली तरी तिचा आवाज टिपला जावा म्हणून. आणि दोराच्या आत कोरडी हवा खेळवली, ओल राहू नये म्हणून. पुढे डिसेंबर 2015 मध्ये त्याच पुलाच्या खालच्या एका पोलादी भागाला तडा दिसला. पूल सुमारे तीन आठवडे पूर्ण बंद ठेवला. रोज हजारो वाहनं अडली, लोक वैतागले. पण माणूस एकही गेला नाही.

इथे आपल्याकडेही एक बोट वळतं. 15 जून 2025 रोजी तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चारजण मृत्युमुखी पडले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. रविवार होता, पाऊस होता, नदी भरली होती आणि पुलावर गर्दी उसळली होती. गोव्यात कुडचडे-सावर्डे इथला पोर्तुगीज काळातला पादचारी पूल 18 मे 2017 रोजी कोसळला, तेव्हाही पूल बंदच होता. नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध चालला होता, तो पाहायला लोक त्यावर चढले होते. नुसता फलक लावून सरकारची जबाबदारी संपत नाही, वाट अडवायला हवी. पण फलक वाचून पुढे जाणारे पाय आपलेच असतात.

मला सगळ्यात जास्त शिकवून जाते ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची रीत. तिथे अपुरिमाक नदीच्या घळईवर केसवाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आहे. आजूबाजूच्या चार वस्त्यांमधली माणसं दरवर्षी जूनमध्ये जमतात, गवत वळून दोर करतात, जुना पूल सोडून देतात आणि नवा बांधतात. इंका राजवटीपासून हे चालत आलं आहे. 2013 साली युनेस्कोने या रीतीची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली. दोर गवताचा आहे, तो टिकणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच पूल शतकानुशतकं टिकला.

कोकणाला हे परकं नाही. पूर्वीचा साकव माडाच्या नाहीतर पोफळीच्या खोडांचा. पावसाआधी वाडीतली माणसं जमायची, कुजलेलं खोड काढायची, नवं टाकायची, सुंभाने आवळायची. साकव लोखंडाचा आणि सिमेंटचा झाला, तेव्हा सोय झाली, पण तो कायमचा झाला असं आपण धरून चाललो आणि माणसं जमायची थांबली. मिरकरवाड्याला जाऊन पाहा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, नौका वर ओढून शाकारून ठेवतात. त्या दिवसांत जाळी विणली जातात, दोर तपासले जातात, तळ खरवडला जातो. समुद्रावर जीव त्याच दोरावर असतो, हे तांडेलाला कुणी शिकवावं लागत नाही. दोर तपासणारा आणि दोरावर विसंबणारा माणूस तिथे एकच असतो.

पुलाचं तसं नसतं. आमच्या घरात लहानपणी पुलसिरातचं वर्णन कानावर पडायचं. केसाहून बारीक, तलवारीहून धारदार असा तो पूल. कयामतीच्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या करणीच्या बळावर ओलांडायचा. नदीवरचा पूल मात्र आपण दुसऱ्याच्या करणीच्या बळावर ओलांडतो. कुणीतरी खाली उतरून पाहिलं असेल, खरं तेच लिहिलं असेल आणि ते वाचून कुणीतरी पैसे मंजूर केले असतील, या भरवशावर मोरबीत मुलं पुलावर गेली होती.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आग विझवायच्या लाल नळकांड्यावर तपासणीची तारीख लिहिलेली असते. तशी ती पुलाच्या तोंडाशीही असावी: शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, पुढची कधी, आणि एका वेळी किती भार चालेल. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पूल पाहण्याची पद्धत बांधकाम खात्यात आहेच. तिचं फळ लोकांना वाचता यावं. तोवर आपल्या ग्रामसभेत विचारा, की आपला साकव कुणाच्या ताब्यात आहे? तो शेवटचा कुणी पाहिला? काय दुरुस्ती लिहिली आणि ती झाली का? उत्तर मिळालं नाही, तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज करता येतो.

हे प्रश्न विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही. पाऊस लागण्याआधी, मे महिन्याच्या ग्रामसभेत, ते एकदा विचारून पाहा.