हवा किती, हे कोण ठरवणार?

(स्त्रिया आणि वाहन या विषयावरील शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण परवाना, स्कूटर, रात्रीचा प्रवास यांबद्दल बोललो. मी बोलणार आहे टायरमधल्या हवेबद्दल, आणि तीही शर्यतीच्या टायरमधल्या! समाजकार्य करणाऱ्या बाईचा शर्यतीशी काय संबंध, असं कुणाच्या मनात आलं असेल. मी अमेरिकेत नोकरीला होते तेव्हा तीन उन्हाळे ऑटोक्रॉस नावाच्या हौशी स्पर्धेत भाग घेत होते. तिथे मी जे शिकले, ते आपल्या कामाच्या फार जवळचं आहे असं मला वाटतं.

आधी खेळ समजून घेऊ. इंग्लंडमध्ये ऑटोक्रॉस गवतावर किंवा मातीवर होतं. अमेरिकेत मात्र ते डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे वापरात नसलेल्या धावपट्टीवर किंवा एखाद्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये होतं. नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. एका वेळी एक गाडी घड्याळाविरुद्ध धावते. एक फेरी बहुधा मिनिटभराच्या आत संपते आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शंकू पाडला की 2 सेकंदांचा दंड. बहुतेक जण स्वतःचीच गाडी आणतात आणि स्वतःची फेरी नसते तेव्हा पडलेले शंकू उभे करायलाही जातात. 1944 मध्ये स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या खेळाला ‘सोलो’ म्हणतो. त्याची राष्ट्रीय स्पर्धा 2009 पासून नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात भरत आली आहे. बायकांसाठी वेगळे गट आहेत, पण सर्वांसाठीच्या गटात उतरायलाही त्यांना मोकळीक आहे.

आता हवेकडे वळू. गाडीचं सगळं वजन चार टायर पेलतात, आणि त्यातला प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. वळणावर गाडी धरून ठेवायची ती एवढ्याशा जागेने. हवा कमी असेल तर टायर वळणावर कुशीवर लवंडतो, त्याची कड घासते आणि स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळतो. फारच कमी असेल तर टायर रिमवरून निसटण्याचाही धोका असतो. हवा जास्त झाली तर टायर फुगतो, मधलाच पट्टा जमिनीला नीट टेकतो आणि गाडी घसरते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी योग्य आकडा असतो. तो गाडीगणिक, टायरगणिक, दिवसागणिक बदलतो. आणि चालवणारीगणिकही बदलतो, हे मला आज मुद्दाम सांगायचं आहे.

सुरुवात कुठून करायची? शर्यतीच्या टायरचे उत्पादक गाडीच्या वजनानुसार आरंभाचा आकडा देतात. तिथून एकदोन पौंडांनी वरखाली करत जायचं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं इंजिनही पुढेच असतं, वजनाचा मोठा वाटा पुढच्या टायरांवर येतो, म्हणून पुढे सहसा थोडी जास्त हवा ठेवतात.

मग खडू घ्यायचा. साधा, शाळेतला. टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते, तिथे खडूचा आडवा पट्टा ओढायचा. पुष्कळ टायरांच्या बाजूवर एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो, त्याच्या टोकापर्यंत तो न्यायचा. फेरी मारून आलं की वाकून बघायचं. खडू त्रिकोणाच्या टोकाच्याही खाली पुसला गेला असेल तर टायर फार लवंडतोय, हवा वाढवा. वरच्या कडेवरही खडू शाबूत असेल तर टायरची कड वापरलीच जात नाही, हवा थोडी काढा. दोन रुपयांच्या खडूने हे कळतं. टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी सुई टोचून मोजण्याचं यंत्रही मिळतं, पण मिनिटभराच्या फेरीत टायर पुरता तापत नाही, म्हणून या खेळात खडू आणि घड्याळ यांचाच भरवसा जास्त.

दुसरी गोष्ट उष्णतेची. टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब वाढतो. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पौंडाने वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. सकाळी 10 अंश आणि दुपारी 25 अंश असतील, तर नुसत्या हवामानानेच अडीच पौंडांच्या आसपास फरक पडतो. फेऱ्यांची उष्णता वेगळीच. म्हणून प्रत्येक फेरीनंतर गेज लावायचं आणि वाढलेली हवा व्हॉल्व्हमधून काढून ठरलेल्या आकड्यावर आणायची. काही जण टायरवर पाणीही फवारतात. गेज मात्र रोज एकच वापरायचं, कारण दोन गेजमध्येच एखाददुसऱ्या पौंडाचा फरक निघतो.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. या खेळात एकच गाडी दोघांनी चालवण्याची पद्धत आहे. बरीच जोडपी अशी येतात. टायर, गेज, वही, सगळं नवऱ्याच्या हातात. हवा तो ठरवतो, त्याच्या फेरीवरून. बायको त्याच गाडीत बसते आणि फेरीनंतर म्हणते, “गाडी वळतच नाही, सरळ पुढे जाते.” भोवतालची मंडळी प्रेमानेच सांगतात, “सराव कर, जमेल.” टायरकडे वाकून कुणी बघत नाही.

मी आणि माझी एक सहकारी मिळून तिची छोटी गाडी चालवायचो. ती वळणावर गाडी झटक्यात घालायची, मी जरा सावकाश. तिच्या फेरीनंतर खडू त्रिकोणाच्या खाली पुसलेला असायचा, माझ्या फेरीनंतर तोच खडू वर शिल्लक राहायचा. टायर तेच, हवा तीच, वाट तीच! तेव्हा आम्ही वहीत दोन रकाने केले. तिच्यासाठी पुढे दोन पौंड जास्त, माझ्यासाठी कमी. मग असंही लक्षात आलं की पहिलीच्या फेरीने टायर तापतो आणि दुसरीला आपसूक जास्त दाब मिळतो. म्हणून मी आधी जायला लागले आणि ती मागून. तारीख, हवामान, आधीचा दाब, नंतरचा दाब, खडू कुठवर पुसला, वेळ किती लागली, एवढंच लिहायचो. दुसऱ्या उन्हाळ्यात लोक आम्हाला विचारायला येऊ लागले.

हवेने चमत्कार होतो असं मी म्हणत नाही. नवख्या बाईला सेकंदांचा फायदा होतो तो चालवण्याच्या सरावाने. हवेने मिळतात ते सेकंदाचे काही दशांश. वेगात वळणावर शिरलं तरी गाडी सरळच जाते, तो दोष टायरचा नसतो. पण दोष चालवणारीचा की टायरचा, हे ओळखायचं साधन तिच्या हातात असायला हवं ना? खडू बघितल्याशिवाय “तुला जमत नाही” हा निकाल कुणी द्यावा?

बायकांच्या वेगळ्या गटाबद्दल तिथे नेहमी वाद असतो. कुणी म्हणतं, त्यामुळे बाईला मैदानात यायला धीर येतो. कुणी म्हणतं, घड्याळाला बाई-पुरुष कळत नाही, मग वेगळा गट कशाला? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण गट कोणताही असो, ज्या बाईला आपल्या टायरमधला आकडा ठाऊक नाही, ती दुसऱ्याने जुळवलेली गाडी चालवत असते. ती जिंकली तरी श्रेय कुणाला द्यायचं हे लोक परस्पर ठरवतात, आणि हरली तर दोष मात्र तिचाच.

समुपदेशनाच्या कामात मला हेच रोज दिसतं. घरखर्चाचा आकडा, कर्जाचा आकडा, औषधाच्या मात्रेचा आकडा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो. बाईने “मला त्रास होतोय” म्हटलं की तिलाच जुळवून घ्यायला सांगतात. तिची तक्रार ही माहिती आहे, ती नोंदवून तपासली पाहिजे, हे मला पदव्युत्तर शिक्षणात शिकवलं होतं. पण ते डोळ्यांना दिसलं ते पुसलेल्या खडूत.

तुमच्यापैकी शर्यतीला फारशा कुणी जाणार नाहीत. पण स्कूटर तर पुष्कळजणींकडे आहे. तिच्या पुस्तिकेत हवेचा आकडा दिलेला असतो, एकटीसाठी वेगळा आणि मागे कुणी बसणार असेल तर बहुधा वेगळा. तो वाचा. पंपावर “हवा भरा” एवढंच न म्हणता आकडा सांगा आणि गेजवर तो स्वतः बघा. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघाल्यावर लगेच मोजा. शक्य असेल तर स्वतःचं गेज घ्या, आणि एक छोटी वही.

चहानंतर आपण अंगणात जमू. मी गेज आणि खडू आणला आहे. जिची गाडी असेल, हवा तीच मोजेल.