अंगावर पित्त उठते तेव्हा



आज आपण अंगावर उठणाऱ्या पित्ताविषयी बोलू. कोणी म्हणतात पित्त उठले, कोणी म्हणतात गांधी उठल्या. वैद्य शीतपित्त म्हणतात. नावे तीन, दुखणे एकच. एकाएकी खाज सुटते. लाल, फुगीर चट्टे येतात आणि बघता बघता अंगभर पसरतात.

सुमारे पाच माणसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. यात लाजण्यासारखे काही नाही. हे दुखणे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा आजाऱ्याचे ताट आणि अंथरूण वेगळे करू नका.

आधी नावाचा घोळ मिटवू. पित्त म्हटले की आपल्याला आंबट ढेकर आठवतात. पण पोटातल्या पित्ताचे हे काम नव्हे, असे डॉक्टर सांगतात. मग हे होते कशाने? आपल्या कातडीत शरीराचे राखणदार असतात. त्यांना पेशी म्हणतात. त्यांच्यापाशी हिस्टामिन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. शत्रू आला असे वाटले की ते तो बाहेर सोडतात. बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, कातडी फुगते, खाज सुटते. कधी कधी शत्रू नसतोच! दारचा कुत्रा पाहुण्यावर भुंकतो ना, तसेच हे.

राखणदार भुंकतो कशावर? कोणाला कोळंबी, मासे, अंडी किंवा भुईमूग सोसत नाही. कोणाला दुखण्यावरची गोळी किंवा पेनिसिलिनसारखे औषध सोसत नाही. कोणाला माशीचा दंश, कोणाला थंडी, कोणाला ऊन. लहान मुलांना पुष्कळदा सर्दी-तापाबरोबर पित्त उठते. काहींच्या कातडीवर नुसती काडी ओढली तरी अक्षर उमटते. पाटीवर लिहावे तसे! आणि बरं का, पुष्कळांच्या बाबतीत बाहेरचे कारण सापडतच नाही. म्हणून उगीच दहा पदार्थ सोडून उपाशी राहू नका.

घरी काय करावे? गार पाण्याची घडी ठेवा. सैल, सुती कपडे घाला. हातातल्या अंगठ्या, बांगड्या वेळीच काढा. हात सुजला की निघत नाहीत. नखे कापा. आमसुलाचे पाणी लावण्याची आपली जुनी रीत आहे. गार वाटते, खाज घटकाभर कमी होते. लावायचे तर लावा, पण तेवढ्यावर विसंबू नका. कोणी घोंगडी पांघरायला देतात. ते नको. ऊब आणि खरखरीत कापड यांनी खाज वाढते. थंडीनेच पित्त उठत असेल त्याने मात्र गार पाणी टाळावे.

यावर खरे औषध आहे. १९३७ साली पॅरिसमध्ये डॅनियल बोव्हे यांनी हिस्टामिनला अडवणारा पहिला पदार्थ शोधला. १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज सेटिरिझिनसारख्या गोळ्या मिळतात. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. काही गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेऊन मोटारसायकल चालवू नये, मळणीयंत्रापाशी उभे राहू नये. पित्त ६ आठवड्यांहून जास्त दिवस उठत राहिले, तर डॉक्टर रोज गोळी घ्यायला सांगतात. दोन दिवस बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये. बहुतेकांचे हे दुखणे पुढे आपोआप शमते.

आता महत्त्वाचे. कान देऊन ऐका. खाज आणि चट्टे यांनी माणूस हैराण होतो, पण मरत नाही. मात्र कधी कधी सूज आत शिरते. आमच्या शाळेत एका मुलाला गांधीलमाशी चावली. चावली हाताला, पण थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या. मुलाचा आवाज घोगरा झाला, ओठ सुजले. कोणी म्हणाले चुना लावा, कोणी म्हणाले घरी पोहोचवा. आम्ही मिळेल त्या गाडीने त्याला आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. मुलगा वाचला. घरी नेला असता तर? विचारही नको.

म्हणून या खुणा पाठ करा. जीभ, ओठ किंवा घसा सुजणे. आवाज बसणे. दम लागणे. चक्कर येणे. वारंवार उलटी होणे. पित्ताबरोबर यांतली एकही खूण दिसली तर थांबू नका. १०८ ला फोन करा. आजाऱ्याला चालवू नका. आडवे निजवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवून ठेवा. तोंडाने काही देऊ नका. इंजेक्शनानंतर बरे वाटले तरी डॉक्टर सोडीपर्यंत तिथेच थांबा. त्रास उलटू शकतो.

आता तुम्ही लिहायला शिकलात, त्याचा उपयोग इथे करा. एक चट्टा बहुधा २४ तासांच्या आत मावळतो. त्याच्याभोवती पेनाने गोल काढा आणि शेजारी वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी तोच चट्टा तिथेच असेल, दुखत असेल किंवा काळसर डाग पडला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

एक छोटी वही करा. समजा, तुम्ही लिहिलेत : ‘सोमवार. रात्री ८. कोळंबीचे कालवण. डोकेदुखीची गोळी घेतली. पित्त उठले.’ महिन्याने लिहिलेत : ‘गुरुवार. वरण-भात. डोकेदुखीची गोळी. पित्त उठले.’ आता सांगा, संशय कोणावर? कोळंबी बिचारी सुटली! गोळीचे पाकीट आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. खात्री करण्यासाठी ती गोळी पुन्हा घेऊन पाहू नका.

एखादे औषध सोसत नाही असे डॉक्टरांनी ठरवले, की त्याचे नाव कागदावर ठळक लिहून घ्या. तो कागद खिशात किंवा बटव्यात ठेवा. दवाखान्यात गेलात की न विचारता आधी तो दाखवा. एखाद्या वेळी तुम्हाला बोलता येणार नाही, पण कागद बोलेल. एका ओळीची ती चिठ्ठी. तुमचा जीव राखील.