७७,८४० रुपये आणि त्याआधीची तीन वर्षं

(हैदराबादमध्ये कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझे वडील तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. नवे साहेब बदलून आले की त्यांच्यासाठी भाड्याचं घर शोधायचं काम वडिलांकडे यायचं. ते कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण करावं लागायचं. एका वर्षी आपल्यातले एक साहेब आले. वडील गावभर फिरले. घरं रिकामी होती. आडनाव कळलं की मात्र कुणाचा पुतण्या राहायला येणार असायचा, कुणाचं रंगकाम निघायचं. शेवटी एका व्यापाऱ्याने वरचा मजला दिला, तर त्याचेच दोन दावे त्या कोर्टात चालू होते. साहेबांनी ते दावे दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करून घेतले. पण घरमालक रोज जिन्यात भेटायचाच.

"न्यायाधीशांना एवढा पगार आणि वर बंगला कशाला?" असं कुणी म्हटलं की मला तो जिना आठवतो.

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला ऑल इंडिया जजेस असोसिएशनने, १९८९ साली. १९९१ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की खालच्या न्यायाधीशांना सरकारी निवासस्थान द्या, निवृत्तीचं वय ६० करा. मग १९९६ मध्ये न्यायमूर्ती शेट्टी आयोग आला, त्याच्या बहुतेक शिफारशी २००२ मध्ये मान्य झाल्या. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, म्हणजे आपण ज्यांना जेएमएफसी म्हणतो, त्यांचा सुरुवातीचा मूळ पगार १९९६ पासून ९,००० झाला, २००६ पासून २७,७०० आणि दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे १ जानेवारी २०१६ पासून ७७,८४०.

हा शेवटचा आकडा कुठून आला, ते वहीत लिहून घ्या. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचा पगार ८०,००० वरून २,२५,००० झाला, म्हणजे साधारण २.८१ पट. आयोगाने तोच गुणक खाली लावला. २७,७०० गुणिले २.८१ करून बघा. जिल्हा न्यायाधीशाच्या सर्वांत वरच्या श्रेणीचं टोक येतं २,२४,१०० वर, हायकोर्टाच्या नऊशे रुपये खाली. हिशोब सरळ आहे, आणि खालच्या कोर्टाला वरच्या कोर्टाशी जोडून घेतलं हे चांगलंच झालं. पण गुणक सगळ्यांना सारखा लावला की पायऱ्यांमधलं अंतरही तेवढ्याच पटीने वाढतं. खालचा किती खाली असावा, हे आधी कुणी आणि कशावरून ठरवलं, हा प्रश्न गुणाकारात विचारलाच जात नाही. पायऱ्यांची व्यवस्था आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

नव्या आयएएस अधिकाऱ्याचा मूळ पगार ५६,१०० असतो. मग न्यायाधीशाला जास्त का, असं सरकारी माणसं विचारतात. कारण तो सरकारचा नोकर नाही. त्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळा उभं राहणारं पक्षकार म्हणजे सरकारच. रात्री उचलून आणलेला आपला पोरगा दुसऱ्या दिवशी रिमांडसाठी ज्याच्यासमोर उभा केला जातो तो मॅजिस्ट्रेट. ॲट्रॉसिटीचा खटला चालतो तो जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात. आपल्या माणसाचा कोर्टाशी पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा संबंध येतो तो इथेच. त्या खुर्चीवरच्या माणसाला घरमालकाचं आणि मंत्र्याचं तोंड बघावं लागू नये, एवढाच या पगाराचा अर्थ. राज्यांनी तिजोरीचं कारण सांगितलं, ते सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये मान्य केलं नाही. तरी भत्ते आणि थकबाकी मिळेनात, म्हणून त्याच वर्षी अनेक राज्यांच्या मुख्य सचिवांना कोर्टात बोलावावं लागलं.

इथपर्यंत मी कोर्टाच्या बाजूने आहे. आता दुसरी बाजू.

२० मे २०२५ रोजी, याच ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही अट १९९३ मध्ये आली होती आणि २००२ मध्ये गेली होती. आता किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागेल, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही लागेल. निकाल देणाऱ्या खंडपीठावर सरन्यायाधीश गवई होते, त्यामुळे आपल्याकडे यावर बोलायला लोक जरा बिचकतात. मी बिचकत नाही. त्यांच्याबद्दल आदर आहे, निकालाशी मतभेद आहे.

अनुभव हवा, हे मलाही पटतं. बावीस-तेवीस वर्षांचं पोर, ज्याने उलटतपासणी कधी जवळून पाहिली नाही, ते जामिनावर काय निर्णय देणार? पण हा अनुभव कुणाच्या पैशाने घ्यायचा?

मी १९९९ मध्ये एलएलबी झाले. तेव्हा पहिली अट चालू होती. ज्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले त्यांनी आठ महिन्यांत मला एक पैसा दिला नाही. वर, शिकायला मिळतंय ना, हे ऐकवलं. वडील निवृत्त झाले होते, धाकट्या दोघांची शिक्षणं चालू होती. मी एका खासगी विम्याच्या ऑफिसात लागले. महाराष्ट्राच्या २००८ च्या नियमांत नव्या पदवीधरांना वाट मिळाली, पण वयाची मर्यादा पंचवीस. तोवर मी परत कोर्टात आले होते, वकील म्हणून. त्या काळात माझ्या वर्गातली जी मुलं तीन वर्षं पुरी करू शकली, त्यांच्या घरी आधीच कुणीतरी काळा कोट घालत होतं.

बाबासाहेब १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा सनदेच्या पैशांसाठी मित्र नवल भथेना धावून आले. पुढे वकिली चालू असतानाच ते बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायला जात. लंडन आणि कोलंबिया करून आलेल्या माणसाचं हे, तर आपल्या पोरांचं काय?

पगाराच्या निकालांत कोर्ट म्हणतं की आर्थिक सुरक्षिततेशिवाय न्यायाधीश स्वतंत्र राहू शकत नाही. मग जो तीन वर्षं बिनपगारी आहे, आणि ज्याच्या प्रमाणपत्राची सही सीनियरच्या हातात आहे, तो स्वतंत्र कसा? उद्या त्याला खुर्चीवर बसवून ७७,८४० द्याल. त्याआधीची शून्य रुपयांची सवयसुद्धा त्याच्यासोबत खुर्चीवर बसते. आणि बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत.

हे जमण्यासारखं नाही, असं नाही. सनदेचं शुल्क जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणून ठेवलं. त्याआधी ते हजारांच्या घरात होतं. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षं दरमहा ५,००० रुपये देण्याची योजना सुरू केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती नुसती शिफारस आहे. ती बंधनकारक करा, जिथे सीनियरची ऐपत नाही तिथे राज्याने भर घालावी, आणि हे सगळं त्या तीन वर्षांच्या अटीलाच बांधा. अट हवी असेल तर तिचा खर्चही उचला.

तुम्ही विचाराल, ताई, तुम्ही किती देता? माझ्याकडे एक मुलगी ज्युनियर आहे, तिच्या घरातली पहिली पदवीधर. मी तिला सहा हजार देते. आमच्या तालुक्यात मला त्याहून जास्त जमत नाही. तिच्या खोलीचं भाडं साडेतीन हजार आहे. तिची तीन वर्षं पुढच्या पावसाळ्यात भरतील, आणि प्रमाणपत्रावर सही माझी असेल.