एकटीच? हो, एकटीच!

(आमच्या वार्षिक मेळाव्यात एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आत्ताच आपण पोटगीच्या खटल्यांवर दोन तास बोललो. त्यानंतर सायकल आणि समुद्राच्या लाटा हा विषय म्हणजे जेवणानंतरची बडीशेप, असं काहीजणींना वाटेल. जाण्यापूर्वी मलाही तसंच वाटत होतं. परत आल्यावर मात्र वाटेना. का, ते सांगते.

मी मूळची मालवणकडची. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. भाऊ चड्डीवर पाण्यात उड्या मारायचे, आम्ही मुली परकर उचलून काठावर उभ्या. आत्या साठ वर्षं त्या किनाऱ्यावर राहिली, पण घोट्याच्या वर कधी भिजली नाही. मी पोहायला शिकले ती चाळिशी उलटल्यावर, पुण्यातल्या तलावात, बायकांसाठी राखलेल्या दुपारच्या तासाला. मग कर्नाटकच्या किनाऱ्यावर आठ दिवस राहून लाटांवरच्या फळीचे, म्हणजे सर्फिंगचे, पहिले धडे घेतले. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाणारी इशिता मालवीय ही मुंबईचीच. तिने आणि तिच्या जोडीदाराने २००७ साली त्या किनाऱ्यावर क्लब सुरू केला.

२०२४ च्या मार्चअखेर मी सायकल खोक्यात घालून श्रीलंकेला गेले. दिवस मुद्दाम निवडले होते. तिथल्या लाटा मोसमी वाऱ्यांप्रमाणे किनारा बदलतात. नैऋत्येला नोव्हेंबर ते एप्रिल, तर पूर्वेला साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर. एका किनाऱ्याचा हंगाम संपताना निघायचं आणि दुसऱ्याचा सुरू होताना पोचायचं, असा बेत होता.

पहाटे पाचला निघायचं, दहाला थांबायचं. पुढे ऊन सोसत नाही. सामान म्हणजे दोन कपडे, लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख, पंक्चरचं सामान, पंप आणि पाळीसाठी लागणारं सगळं. फळी तासावर भाड्याने मिळते, ती न्यावी लागत नाही. कोलंबोहून गॉल सुमारे १२० किलोमीटर, तिथून वेलिगामा आणखी तीसेक. वाटेत जवळजवळ प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न : "तनियमद?" सिंहलीत म्हणजे, एकटीच? हा प्रश्न आपल्याला सगळ्या भाषांत कळतो. बाई विचारते तेव्हा त्यात काळजी असते, कधी थोडा हेवाही. काही पुरुष विचारतात तेव्हा चाचपणी असते. एकदा एक स्कूटरवाला तीनेक किलोमीटर मागे-मागे आला. मी एका चहाच्या टपरीवर सायकल उभी केली. टपरी एका बाईंची होती. तिथेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. "अक्का" म्हणून मी नुसतं मागे बोट दाखवलं. त्या हातातला डाव घेऊन रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. तो वळून गेला. आमची भाषा एक नव्हती, तरी समजावून काही सांगावं लागलं नाही.

हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे एक आगगाडी लाटेखाली सापडली, हजाराहून जास्त माणसं गेली. रुळांशेजारच्या स्मारकापाशी मी बराच वेळ बसले. त्सुनामीनंतर, २००५ साली, ऑक्सफॅम संस्थेने एक टिपण काढलं होतं. आपल्याकडे तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात मेलेल्यांत ३९१ बाया आणि १४६ पुरुष होते. कारणं काय? श्रीलंकेत पोहणं आणि झाडावर चढणं शिकवतात ते मुख्यतः मुलग्यांना. बायांच्या कडेवर पोरं होती. कपडे पायात अडकले. लाट सगळ्यांवर सारखीच आली. पण तिच्यातून वाचण्याचं शिक्षण सगळ्यांना सारखं मिळालेलं नव्हतं. मला आत्या आठवली. आमच्या किनाऱ्यावर ती लाट आली असती, तर आत्याने काय केलं असतं?

वेलिगामाच्या उथळ खाडीत नवशिक्यांची गर्दी असते. मऊ फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारायचं, लाटेने मागून ढकललं की छातीखाली हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं. चार दिवस मी नुसती पडत होते. पाचव्या दिवशी उभी राहिले, काठापर्यंत आले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ओल्या अंगाने, इतक्या माणसांसमोर, आणि पदर सावरायची आठवणसुद्धा झाली नाही.

पुढचा पल्ला लांबचा. मोनरागलाच्या पुढे रस्त्यावर हत्ती येतात, म्हणून तो टप्पा सायकलसकट बसने केला. त्यात मला कमीपणा वाटला नाही. एप्रिलच्या मध्यात सिंहली-तमिळ नववर्षाला दुकानं बंद असतात. राहत होते त्या घरातल्या बाईंनी गुळचट कवुम खाऊ घातले. चवीला थोडे आपल्या अनारशासारखे.

पूर्वेकडच्या अरुगम बेला जगभरचे सर्फर येतात. तिथले स्थानिक मुलगे लहानपणापासून लाटांवर. मुली मात्र कामावर किंवा घरात. २०१८ साली तिथल्या बायकांनी स्वतःचा सर्फ क्लब काढला, देशातला बायकांचा पहिला. बाईचं काम घरात, हे त्यांनाही ऐकवलं गेलं. क्लबात लेकुरवाळ्या बायका आहेत. त्या आधी घरचं उरकतात आणि मग पाण्यात उतरतात, हे ऐकून हसावं की रडावं कळेना. दुहेरी पाळी समुद्रातही सुटत नाही!

आणि हा काही बायकांनी नव्याने मागितलेला हट्ट नव्हे. जुन्या हवाईत बायका लाटांवर स्वार होत. काआहुमानू राणी त्यात प्रसिद्ध होती. १८२० मध्ये मिशनरी आले आणि ही उघडी अंगं त्यांना खुपली. पुढे खेळ जगभर पसरला तो पुरुषांचा म्हणून. व्यावसायिक स्पर्धांच्या जागतिक लीगमध्ये बायकांना समान बक्षीस मिळायला २०१९ साल उजाडलं.

आता तुमचा प्रश्न : ही चैन नाही का? माझ्यासाठी काही अंशी होतीच. माझ्याकडे नोकरीची रजा होती, पासपोर्ट होता, साठवलेले पैसे होते. घरी स्वयंपाक बहिणीने केला, म्हणजे माझ्या मोकळेपणाचं ओझं दुसऱ्या बाईने उचललं. हे लपवून मी इथे शूरवीर म्हणून मिरवणार नाही.

पण तमिळनाडूतलं पुदुकोट्टई आठवा. १९९१ नंतर तिथल्या साक्षरता मोहिमेत हजारो खेडुत बाया सायकल शिकल्या. त्यांतल्या कितीतरी शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या. पाणी आणणं, बाजार, कामाची वाट, सगळ्यासाठी नवऱ्याची किंवा बसची वाट बघणं संपलं. त्यांच्यासाठी ती चैन होती, असं कोण म्हणेल?

म्हणून माझं मागणं श्रीलंकेला जाण्याचं नाही. आपल्या प्रत्येक गटाने एक सायकल घ्यावी आणि ज्या शिकल्या नाहीत त्यांनी शिकावी. पंक्चर काढायलाही शिकावं. गावात, शहरात जिथे तलाव आहे तिथे बायकांचा तास मागावा, आणि तो दुपारी कामाच्या वेळी नको, संध्याकाळी हवा. किनाऱ्यावरच्या शाळांत मुलींना पोहणं शिकवण्यासाठी अर्ज करावेत. अर्ज करण्यात आपण तरबेज आहोतच!

आत्या आता नाही. तिची नात मात्र दहा वर्षांची आहे. या मे महिन्यात मी मालवणला जाणार आहे, तिला घेऊन पाण्यात उतरायला. तिची आई काठावर उभी राहीन म्हणते. तिलाही आत ओढायचा माझा विचार आहे.