भीड ही भिकेची बहीण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



उपदेश हा जगातील सर्वांत स्वस्त व्यापार होय. त्यास भांडवल लागत नाही, आणि माल कोणी घेतला नाही तरी तोटा होत नाही. म्हणून काय करावे हे सांगण्याचा मान धर्मगुरूंकडे ठेवून, काय कदापि करू नये एवढेच मी आज बोलणार आहे. ह्यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही. दहा आज्ञांपैकी तिसरी व चौथी सोडली, तर उरलेल्या आठही ‘नको’ असेच सांगतात.

माणूस वाईट आहे म्हणूनच वाईट करतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ भिडेने करतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वडील सांगत आले. ह्या बहिणीच्या नादी लागून आपल्या भागात जे तीन अनर्थ घडतात, तेवढेच सांगतो.

पहिला ‘नको’ : न वाचलेल्या कागदावर सही वा अंगठा करू नये. पौष पौर्णिमेला म्हसा येथील यात्रेत आपला शेतकरी बैल पाहतो तेव्हा त्याचे दात मोजतो, खूर तपासतो, चार पावले चालवून पाहतो, आणि रुमालाखाली बोटे दाबून तासभर भाव करतो. तोच शेतकरी जमिनीच्या कागदावर अर्ध्या मिनिटात अंगठा उठवितो! का? तर समोरचा गृहस्थ शिकलेला, खुर्चीवर बसलेला. त्याला “वाचून दाखवा” कसे म्हणावे? बंधूंनो, बैल थोडीच वर्षे जगतो. कागद नातवंडांनाही पुरून उरतो. बैलाला जेवढा वेळ देता तेवढा कागदाला द्या.

दुसरा ‘नको’ : कर्ज काढून लग्नाचा थाट करू नये. हा दोष आजचा नव्हे. ह्याच ठाणे जिल्ह्यात पूर्वी ‘लग्नगडी’ नावाची चाल होती. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा पैशांपायी नवरा, आणि पुष्कळदा नवरीही, सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत असे. डी. सायमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल लिहिला, त्यात ही वेठ नमूद आहे. १९४५ साली आपल्याच रेल्वेमार्गावरील टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथून परतलेल्या उंबरगाव-डहाणूकडील वारल्यांनी वेठीस नकार दिला. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची कर्जेच रद्द केली. कायदा झाला, परंतु भीड रद्द करणारा कायदा अद्याप कोणी केलेला नाही. आजही लग्नासाठी उचल घ्यावयाची, आणि भात झोडून होताच ती फेडण्यास बायकोपोरांसह वीटभट्टीवर जावयाचे, असे होतेच. चार लोक एक दिवस जेवून जातात, आणि मुलाची शाळा मात्र वर्षभराची बुडते.

गालीलातील काना गावी लग्न होते. ऐन समारंभात द्राक्षारस संपला. यजमानाची अब्रू जाण्याची वेळ आली, पण तेथे कोणी सावकाराचे दार ठोठावले नाही. पवित्र मातेने ती उणीव आपल्या पुत्राच्या कानी घातली. पाण्याचा द्राक्षारस झाला, एवढेच लक्षात ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्याआधी सेवकांनी सहा रांजण काठोकाठ पाण्याने भरले, ही मेहनत मात्र कोणास आठवत नाही!

तिसरा ‘नको’ : साप चावला असता भगताकडे वाट वाकडी करू नये. “आजोबा रागावतील, गाव काय म्हणेल” ह्या भिडेपायी जो तास जातो, तो परत मिळत नाही. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. वेदना थोडी, सूज नाही, आणि तरीही प्राण जातो. जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, आवळून दोरी बांधू नये. चावलेला अवयव न हलविता माणसास सरळ शहापूरच्या किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. सापाच्या विषावर खरा उतारा प्रतिविषाच्या लसीचा. भगताने पुष्कळ बरे केले म्हणतात. खरे आहे, पुष्कळ साप बिनविषारीच असतात. बिनविषारी साप चावलेला वाचला तर यश भगताचे, आणि विषारी साप चावलेला गेला तर दोष नशिबाचा, असा हा हिशेब आहे.

आता शेवटचे बोलतो. आज आपण जुबिली साजरी करीत आहोत. पताका लागल्या, घंटा वाजली, भोजनही होईल. परंतु मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात, जुबिलीचा अर्थ ह्याहून मोठा आहे. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले जाई. विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई, आणि दारिद्र्यापायी दुसऱ्याच्या दारी राबणारा आपल्या मुलाबाळांसह घरी परते. म्हणजे जुबिली हा मूळचा सुटकेचा सण आहे. परंतु ध्यानात ठेवा, जुबिली पन्नास वर्षांनी येते. सावकाराचे व्याज दर महिन्याला येते.

म्हणून ह्या वर्षी प्रत्येक घराने एवढाच नेम करावा : ज्या ठिकाणी ‘नको’ म्हणावयाचे, तेथे भिडेने ‘हो’ म्हणू नये. आणि शेजाऱ्याच्या घरी साधे लग्न झाले, तर त्यास नावे ठेवू नयेत. कारण ज्या चार लोकांना आपण भितो, बंधुभगिनींनो, ते चार लोक दुसरे कोणी नसून आपणच आहोत.

प्रभू आपणां सर्वांना ‘नको’ म्हणण्याचे धैर्य देवो.